बाईंचा तार षड्ज

गाणं शिकवणारं ॲप काढायचं, तर कचेरीत निदान एकाला तरी गाता यायला हवं, ही अक्कल मालकांना उशिरा का होईना सुचली आणि वैदेहीला नोकरी लागली. कचेरी तुर्भ्याच्या एमआयडीसीत, रंगाच्या डब्यांच्या गोदामावर, पहिल्या मजल्याला. खाली दिवसभर ट्रक मागे घेतले जात आणि त्यांची पिरपिर जिन्याने वर येई. आवाजाचाच धंदा करायचा आणि जागा अशी बघायची, हे डोकं कुणाचं, ते वैदेहीने कधी विचारलं नाही. विचारण्याइतकी हौस तिच्यात उरली नव्हती.

काम सांगायला सोपं होतं. मुलाने फोनसमोर गायचं. पडद्यावर गुरूच्या आवाजाची एक रेघ असते, तिच्यावरून मुलाच्या आवाजाची रेघ चालत जाते. जुळली तर हिरवी, सुटली तर लाल. पण हा गंधार, हा निषाद, ही मींड आणि हे नुसतं खाकरणं, असं त्या प्रोग्रॅमला आधी कुणीतरी शिकवावं लागतं. ते कुणीतरी म्हणजे वैदेही. हेडफोन लावून ती दिवसभर लोकांच्या गाण्याचे तुकडे ऐकायची आणि एकेका तुकड्याला नाव द्यायची. बारशाला बसलेल्या आत्येला निदान पेढा तरी मिळतो.

एके काळी ती रोज पहाटे तंबोरा घेऊन बसायची. आता जुईनगरच्या घरात तंबोऱ्यावर जुनी चादर होती आणि चादरीवर लेकाचे शाळेचे प्रोजेक्ट. नवरा उरणच्या कंटेनर यार्डात पाळीवर, घरात कधी कोण जेवलं याचा हिशोब लागत नसे. ती घरी आली की तिला टीव्ही नको असे, रेडिओ नको असे. कुकरची शिट्टी झाली की ती कुठल्या सुरात झाली हे आपोआप कळायचं आणि रडू यायचं. लोक म्हणायचे, वैदेहीने गाणं सोडलं. सोडलं कुठे, नोकरीने त्याचा पार चोथा केला होता.

अशात ॲपसाठी गुरूचा आवाज शोधायची वेळ आली. मुंबईतल्या मोठ्या गवयांची नावं निघाली आणि बारगळली. तेव्हा वैदेहीने जयमालाबाईंचं नाव काढलं. नाव घेताना तिने सवयीने कानाच्या पाळीला हात लावला. गुरूचं नाव नुसतं तोंडाने घ्यायचं नसतं, ही गाणाऱ्यांची रीत. तिच्याशेजारी बसणाऱ्या पार्थला वाटलं, ताईंचा कान दुखतोय. त्याने आपला हेडफोन पुढे केला. पार्थ कंपनीचा इंजिनिअर, कोपरखैरण्याचा, सव्विशीतला. सा म्हणजे काय हे त्याला नोकरी लागल्यावर कळलं होतं, पण पोरगा सरळ होता आणि सांगितलेलं ऐकायचा. पुढे जे झालं ते त्याच्या याच गुणामुळे झालं.

जयमालाबाई सानपाड्याच्या. रत्नागिरीकडून लग्न होऊन आल्या तेव्हा सानपाड्याला बिल्डिंगी कमी आणि चिखल जास्त होता. तळमजल्याच्या हॉलमध्ये सतरंजी अंथरून त्यांनी क्लास सुरू केला, तो अजून चालू होता. वैदेही फ्रॉकमध्ये होती तेव्हापासून त्याच सतरंजीवर वाढलेली. बाईंनी इतक्या मुलींना गळा दिला, पण स्वतःचं नाव सोसायटीच्या नोटीस बोर्डापलीकडे गेलं नाही. ना मैफल, ना रेडिओ. नवरा गेला, मुलगा परदेशी, क्लास एवढाच काय तो संसार. त्यांनी याबद्दल कधी कुरकुर केली नव्हती. पण ॲपवर आपलं नाव येणार, आपला आवाज पार नागपूरपर्यंतच्या मुली ऐकणार, हे कळल्यावर बाईंनी दही बंद केलं. कॅमेरा नसलेल्या रेकॉर्डिंगला त्या नारायणपेठ नेसून आल्या. शेजारच्या मालतीबाईंना त्यांनी तीनदा सांगितलं, की फार काही नाही हो, जरा यमन द्यायचाय.

रेकॉर्डिंग झकास झालं. म्हणजे वैदेहीला तसं वाटलं. काचेपलीकडे बाई डोळे मिटून गात होत्या आणि काचेअलीकडे वैदेही मान डोलावत होती. इतक्या वर्षांनी कुणाच्या गाण्याने तिला बरं वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी पार्थने पडदा तिच्याकडे वळवला. बाईंची रेघ खालच्या सुरांवर नीट चालत होती, वर गेली की लाल होत होती. "ताई, वरच्या सा ला बाई खाली राहतायत," तो चाचरत म्हणाला. "प्रत्येक टेकमध्ये सेम."

वैदेहीचा असा संताप झाला म्हणता! तिने त्या पोराला समोर बसवून शिकवणीच दिली. आपलं गाणं म्हणजे पेटीच्या पट्ट्या नव्हेत, सुराला जागा असते, जागेला श्वास असतो, एका रागातला गंधार दुसऱ्या रागात तसाच्या तसा बसत नाही, आणि चाळीस वर्षं शिकवणाऱ्या बाईला कालचं यंत्र सूर शिकवणार असेल तर तुमचं हे दुकान बंद करा. त्यातला शब्द न् शब्द खरा होता. फक्त इथे लागू नव्हता. गंधारावर, निषादावर हवा तेवढा वाद घालावा, षड्जावर घालता येत नाही. सा तंबोरा सांगतो, तो कुणाच्या मताने हलत नाही. हे वैदेहीला ठाऊक नव्हतं होय? पण गुरू समोर असला की शिष्याचे कान आधी नमस्कार करतात, मग ऐकतात. तिचे कान नमस्कारातच अडकले होते.

पार्थने दोन्ही हात जोडले. "ओके ताई, टेन्शन घेऊ नका. मशीन चुकलं. आपण बाईंनाच बरोबर धरू." आणि त्याने धरलं. प्रोग्रॅमला सांगून टाकलं, की बाई लावतील तो वरचा सा खरा.

मग ॲप वाशी-नेरूळच्या काही क्लासांना वापरायला दिलं, आणि आठवड्याभरात बोंब झाली. चांगल्या तयारीच्या मुली वरच्या सा ला लाल होत होत्या. एका मास्तरांनी तर कळवलं, की माझी मुलगी बक्षीसं घेऊन येते आणि तुमचा फोन तिला बेसूर म्हणतो, तेव्हा फोनलाच क्लास लावा. हिरव्या होत होत्या त्या फक्त बाईंच्या मुली. सगळ्याच्या सगळ्या, अगदी कालपरवा आलेल्यासुद्धा. पार्थला त्याचं कौतुक वाटलं. वैदेहीला मात्र शंका आली.

तिने आपल्या फोनमधून एक जुनं रेकॉर्डिंग काढलं. तीन वर्षांपूर्वी क्लासच्या गुरुपौर्णिमेला सभागृहात बाई यमनच गायल्या होत्या, पट्टी तीच. मागे पंखा घरघरतोय, कुणाचं तरी मूल रडतंय, पण बाईंचा आवाज स्वच्छ. तो तिने प्रोग्रॅमला दिला. वरच्या सा ला रेघ लाल झाली. बाईंच्याच रेघेवर बाई लाल. मग तिने हेडफोन नीट बसवले, बाईंचा चेहरा डोळ्यांपुढून बाजूला सारला आणि नवं रेकॉर्डिंग नुसत्या कानांनी ऐकलं. मागे तंबोरा वाजत होता. बाई त्याच्याखाली होत्या. फार नाही, केसभर. पण खाली म्हणजे खालीच.

दोन वर्षांपूर्वी बाईंना मोठा ताप आला होता. त्यानंतर उजव्या कानात घुं घुं होतं, असं त्या अधूनमधून म्हणायच्या आणि कोमट तेल घालायच्या. आता वैदेहीला उलगडा झाला. बाईंचा गळा शाबूत होता, बिघडला होता तो कान. वरचे सूर त्यांना आहेत त्याहून चढे ऐकू येत होते, म्हणून त्या बिचाऱ्या ते खाली आणत होत्या. स्वतःचे आणि मुलींचेही. मुली गुणाच्या. बाईंनी खाली म्हटलं की खाली यायच्या. जिने जितकं मन लावून ऐकलं ती तितकी बिघडली.

आता हे बाईंना सांगायचं कसं? धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. तिची अवस्था पाहून पार्थनेच वाट काढली. सूर उचलून देणं म्हणजे दोन मिनिटांचं काम, असं तो म्हणाला. जिथे जिथे बाई खाली आहेत तिथे तेवढ्या वर करायच्या, आवाज तोच राहतो, कुणाला कळत पण नाय. नाही म्हणायला हवं होतं, पण वैदेहीने त्याला कर म्हटलं. ती फार दमली होती. ॲप बरोबर होईल, बाईंचं नाव होईल, कुणाचं मन मोडणार नाही. क्लासमधल्या मुलींचं काय, हा प्रश्न मनात आला होता, पण तो तिने दुसऱ्या दिवसावर टाकला. दमलेल्या माणसाला दुसरा दिवस फार सोयीचा वाटतो.

पार्थने सूर उचलले. ऐकायला इतके सुरेख झाले, की वैदेहीला एक क्षण ताप आलाच नव्हता असं वाटलं. कंपनीचा नियम असा, की ज्याचा आवाज त्याने एकदा ऐकून होकार द्यायचा. म्हणून लॅपटॉप खांद्याला लावून ती दुपारची सानपाड्याला गेली.

बाईंनी चहा टाकला होता, खोबऱ्याच्या वड्या केल्या होत्या. "ऐकव बाई लवकर, मुली यायच्यात," म्हणत त्या पदराला हात पुसत खुर्चीत बसल्या. वैदेहीने स्पीकर लावला. सुरुवातीच्या आलापाला बाई लाजल्यासारखं हसल्या. मग आवाज वर चढू लागला तसं ते हसू गेलं. आवाज तार षड्जावर, वरच्या सा वर, आला तेव्हा भाताच्या घासात खडा लागावा तसा त्यांचा चेहरा झाला. त्यांनी पुन्हा लावायला सांगितलं. पुन्हा ऐकलं. मग चष्मा काढून मांडीवर ठेवला.

"चढलाय गं," त्या म्हणाल्या. "वर सगळीकडे चढतेय मी."

हे वैदेहीच्या डोक्यातच आलं नव्हतं. बिघडलेल्या कानाला दुरुस्त केलेला सूर बेसूर लागणार, हे गाण्याच्या इतक्या तुकड्यांना नावं देणारीला सुचू नये, याला काय म्हणावं? करायला गेले काय आणि वरती झाले पाय.

बाई बोलत राहिल्या, हळू आवाजात. गेले कित्येक महिने त्यांना मुली चढ्या वाटत होत्या. त्या ओरडायच्या, एकीला तर रडवलं होतं. त्यांना वाटायचं, हल्लीच्या मुलींचं लक्ष नाही. आज कळलं, की खोट आपल्याच गळ्यात आहे. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. मग त्यांनी लॅपटॉपकडे बोट केलं. "हे द्यायचं नाही. तुझ्या कंपनीला सांग, बाई नाही म्हणाल्या. माझं नाव नको, काही नको. मुलींच्या कानात मी बेसूर घालणार नाही. आणि आजपासून मीच माझा सूर आणखी खाली ठेवीन, बघ."

झालं, सुटली की वैदेही! बाईंनी स्वतःच नकार दिला. कुणाला काही सांगायला नको, कंपनी दुसरा आवाज शोधेल, ती घरी जाऊन आडवी पडू शकेल. तिने लॅपटॉप मिटायला हातही घातला. पण बाई आणखी खाली जाणार होत्या. मुली त्यांच्यामागे जाणार होत्या, एकीचा हात धरून दुसरी, निमूट. आणि एक दिवस कुठल्या तरी परीक्षेत, परक्या माणसासमोर, सगळ्यांना ते कळणार होतं. वैदेहीला बाईंची दया आली, स्वतःची लाज वाटली, आणि या दोन्हींपेक्षा जास्त, हे आपल्याच वाट्याला का, म्हणून राग आला.

"बाई," ती म्हणाली, "हे तुम्ही गायलेलं नाही. तुमचा सा खाली होता. मी तो मशीनवर उचलला."

बाईंना ते नीट समजलं नाही. म्हणून तिने मूळचं रेकॉर्डिंग लावलं. ते ऐकताना बाईंच्या कपाळावरची आठी गेली. हा तर बरोबर आहे, त्या म्हणाल्या, हा लागलाय. आणि बोलता बोलता थांबल्या. त्यांनी वैदेहीकडे पाहिलं. वैदेही खाली सतरंजीकडे पाहत होती.

मग बाई चिडल्या. यंत्रांनी तुझे कान खाल्ले, म्हणाल्या, दिवसभर ते गळ्यात बांधून बसतेस आणि आता मला सूर शिकवायला आलीस? वैदेहीने ऐकून घेतलं. यंत्राचं सोडा, ती म्हणाली, मागे तंबोरा आहे, मी तंबोऱ्याशी लावून पाहिलं. नंतर तिने गुरुपौर्णिमेचं जुनं गाणं लावलं. तेही बाईंना चढंच लागलं. "तेव्हापासूनच का गं?" त्यांनी विचारलं. त्यांचा आवाज बारीक झाला होता.

"तेव्हा मी समोर बसले होते, बाई. तेव्हा तुम्ही लखलखीत सुरात होतात. तुमचा गळा नाही बिघडला. कान बिघडलाय. तापानंतर."

चहा गार झाला. बाहेरच्या रस्त्याने भंगारवाला गेला. बाईंनी उजव्या कानावर हात ठेवला, काढला, पुन्हा ठेवला. त्या रडतील असं वैदेहीला वाटलं होतं. त्या मुलींची नावं घेऊ लागल्या. श्रुती, अमिता, ती कोपऱ्यात बसणारी सुनयना, जिला त्यांनी चढतेस चढतेस म्हणून रडवलं ती. एकेक नाव घेऊन बाई थांबत होत्या. "सुनयना बरोबर होती तर," त्या म्हणाल्या, आणि तेव्हा त्यांचे डोळे भरून आले. वैदेहीने त्यांना कानाच्या डॉक्टरांचं सुचवलं, वाशीला चांगले आहेत म्हणाली. जाऊ, जाऊ, असं म्हणून बाईंनी ते हाताने बाजूला केलं.

दाराबाहेर चपला वाजल्या, कुजबुज झाली. मुली आल्या होत्या. बाईंनी त्यांना आतूनच थांबायला सांगितलं आणि उठून कोपऱ्यातला तंबोरा वैदेहीच्या पुढ्यात आणून ठेवला.

"लाव. आणि वरचा सा दे मला."

वैदेहीला तंबोऱ्याकडे बघूनच थकवा आला. तिने सांगितलं, की बाई, मी गात नाही आता, माझा गळा बसलाय.

"माझा कान बसलाय," बाई म्हणाल्या. "घे."

तिने तंबोरा घेतला. बोटं जड झाली होती, तारा मिळवायला वेळ लागला, पण मिळाल्या. तिने आधी खालचा सा लावला, मग पंचम, मग डोळे मिटून वरच्या सा ला हात घातला. आवाज खरखरीत निघाला, मध्येच फाटला, पुन्हा धरला. सा मात्र लागला. तो कधी लागतो हे अंगाला कळतं, त्याला पडदा लागत नाही.

बाईंचा हात आपोआप उठला. पालथा तळवा हवेत खाली येऊ लागला. लहानपणापासून वैदेहीने तो तळवा पाहिला होता आणि तो खाली आला की ती खाली आली होती. "चढतेयस," बाई म्हणाल्या. "खाली ये."

वैदेही खाली आली नाही. श्वास घेऊन तिने तोच सा पुन्हा तिथेच लावला. गुरूने खाली म्हणावं आणि आपण ऐकू नये, हे तिने जन्मात केलं नव्हतं. बाईंचा हात हवेत थांबला. मग त्यांनी तिच्या आवाजात आपला आवाज सोडला.

दोन सा शेजारी शेजारी उभे राहिले आणि त्यांच्यामध्ये थरथर सुरू झाली, दोन सूर केसभराने जुळत नसले की ऐकू येते ती. वैदेहीने आपला तळवा उताणा करून जरासा वर उचलला. शिष्येने गुरूला हात दाखवायचा, तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाई किंचित वर आल्या. थरथर मंदावली. वैदेहीने हात आणखी उचलला. बाईंचा चेहरा आंबट खाल्ल्यासारखा आक्रसला, डोळे मिटले, पण त्या वर आल्या, स्वतःच्या कानाला न जुमानता वर आल्या, आणि थरथर थांबली. खोलीत एकच आवाज उरला.

बाईंनी तो श्वास संपेपर्यंत धरला. मग डोळे उघडले.

"आता मला पार बेसूर वाटतंय," त्या म्हणाल्या. "म्हणजे लागला असेल."